मासा बोलला की पुस्तक बाद

बोरसे बाई पुस्तक निवडायला बसल्या की पुस्तकाकडे बघायच्या नाहीत, पोरांच्या पायांकडे बघायच्या.

आमची शाळा लिंबायतमधली, महापालिकेची, मराठी माध्यमाची. शाळेच्या भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचं खातं आहे. सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात. शाळेची घंटा व्हायच्या आधीच ते सुरू झालेलं असतं आणि त्याची खटखट दिवसभर फळ्यातून, फरशीतून, पाण्याच्या माठातून ऐकू येत राहते. पोरं जमिनीवर पट्ट्यांवर बसतात आणि त्यांच्या पायांची बोटं त्या खटखटीवर आपोआप हलत असतात. त्यांना ते कळतही नाही. नवीन पुस्तक आलं की बाई ते मोठ्यानं वाचायच्या, पण मध्येच त्यांची नजर चष्म्यावरून खाली पट्टीवर जायची. बोटं हलत राहिली तर दोन-तीन पानांनंतर पुस्तक मिटून पिशवीत जायचं. बोटं थांबली की पुस्तक पास.

"तोंड खोटं बोलतं," बाई म्हणायच्या. "बाईला बरं वाटावं म्हणून पोरं 'आवडलं' म्हणतात. पायाला कुठं बाईची भीड असते?"

मी या शाळेत शिकवायला आले तेव्हा मला वाटलं, ही बाई जरा विक्षिप्तच दिसते. माझं ते मत आजही बदललेलं नाही. फक्त आता ते मी चारचौघांत अभिमानानं सांगते.

सुमन बोरसे. माहेर शिरपूरकडचं, तापीकाठच्या एका खेड्यातलं. नवरा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला, म्हणून लग्नानंतर त्या सुरतेला आल्या आणि इथल्याच झाल्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या. आवाज असा की शेजारच्या खात्याचा शेठ एकदा हात जोडून म्हणाला होता, "बेन, जरा हळू शिकवा, माझ्या कारागिरांना माग ऐकू येत नाहीत." साऱ्या देशाला पॉलिस्टरच्या साड्या पुरवणाऱ्या या गावात राहून बाई सुती नेसायच्या. चष्मा हरवू नये म्हणून त्याला साडीची चकचकीत लेस बांधलेली असायची. ती कुणा पोराच्या आईनं घरच्या कामातली उरलेली आणून दिलेली. उन्हात बाई मैदानातून चालत आल्या की आधी ती लेस चमकायची, मग बाई दिसायच्या. गळ्यात तुळशीची माळ. आयुष्यात त्यांनी मासा तोंडात घातला नव्हता, आणि हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं माशांचंच आहे.

मी सांगते त्या वर्षी प्रत्येक वर्गाला आपलं छोटं वाचनालय करायला सांगितलं होतं आणि वर्गानं एकच विषय घ्यायचा होता. बहुतेकांनी जंगल घेतलं. जंगल सोपं असतं, वाघ-सिंह सगळ्यांना पाठ असतात. बोरसे बाईंनी तिसरीच्या वर्गासाठी समुद्र घेतला. मुख्याध्यापक गोसावी सर म्हणाले, "बाई, खान्देशची पोरं ही. यांचा समुद्राशी काय संबंध?"

बाईंनी खडूचा डबा उचलला. वर्गात जाऊन पोरांना विचारलं, "आपल्या गावाकडून वाहत येते ती कोण?"

"तापीमाय!"

"ती सुरतेला कशाला आली? मिलमध्ये कामाला?"

पोरं हसली. मग बाई म्हणाल्या, "ती आली समुद्राला मिळायला. म्हणजे समुद्र हे तिचं सासर. आणि आपण तिची माहेरची माणसं. आपली लेक दिली त्या घरात कोण कोण राहतं, काय खातं, कसं वागतं, याची चौकशी करायला नको?"

झालं. त्या दिवसापासून तिसरीच्या वर्गात समुद्रातले सगळे प्राणी तापीच्या सासरचे झाले. देवमासा सासरा. खेकडा दीर, कारण सरळ चालायला त्याला येत नाही. जेलीफिश नणंद, कारण दिसते छान आणि जवळ गेलं की चटका देते. ही नाती बाईंनी ठरवली नव्हती, पोरांनीच लावली, आणि एकदाही चुकीची लावली नाहीत.

मी रत्नागिरीकडची, त्यामुळे बाईंच्या लेखी मी समुद्राची अधिकृत माणूस होते. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आत चौकशी सुरू व्हायची.

"सावंत बाई, खेकडा आडवा का चालतो?"

"मला त्याचं कालवण येतं, बाई. चाल नाही माहीत."

"म्हणजे इतकी वर्षं नुसते खाल्लेत?"

"नुसते कशाला? भाताबरोबर."

बाई कपाळाला हात लावायच्या आणि माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी लांब सरकवून आपली शेंगदाण्याची पुढे करायच्या.

पुस्तकांबाबत त्यांचे नियम होते आणि ते त्यांनी कुठल्या प्रशिक्षणात ऐकले नव्हते. पहिला नियम शाळेत सगळ्यांना पाठ होता: मासा बोलला की पुस्तक बाद. "मासा बोलायला लागला की तो मासा राहत नाही, गोसावी सर होतो," त्या म्हणायच्या. "खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं, मिळून मिसळून राहावं. हे सांगायला सर आहेत की. मासा पाण्यात श्वास कसा घेतो ते सांगा म्हणावं. ते सरांना जमत नाही." हे त्या सरांसमोरही म्हणायच्या. सर हसायचे. दुसरं काय करणार बिचारे?

दुसरं असं की पुस्तक मांडीवर मावलं पाहिजे. आमच्या पोरांची घरं म्हणजे एक खोली. तिच्यात स्वयंपाक, तिच्यात झोप, आणि तिच्यातच आई साड्यांना चमकते स्टोन चिकटवायला बसलेली. टेबल कुठून असणार? दोन्ही हात पसरून धरायची ती मोठी गुळगुळीत पुस्तकं बाईंना म्हणूनच नको असायची. आणि पुस्तक टिकलं पाहिजे. ते बघण्याची त्यांची रीत बघून दुकानदारांच्या छातीत कळ यायची. पुस्तक मधोमध उघडायचं, एका पुठ्ठ्याला धरून उचलायचं आणि ओल्या फडक्यासारखं झटकायचं. पान सुटलं तर परत.

एकदा मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले होते. सुरतेत मराठी पुस्तकं सहजी मिळत नाहीत. एका घाऊक दुकानात कोपऱ्यात मराठीचा एक गठ्ठा पडलेला असायचा. दुकानदार गुजराती, भला माणूस, पण त्याला मराठी वाचता येत नव्हतं. बाई त्यांच्या खान्देशी वळणाच्या गुजरातीत त्याला विचारत होत्या, "भाई, आ माछली बोले छे के मूंगी छे?"

त्यानं पुस्तकाकडे बघितलं, मग बाईंकडे. "बेन, आ तो चोपडी छे. रमकडुं नथी."

त्याला वाटलं, बाई बटण दाबल्यावर बोलणारं खेळणं मागताहेत. बाईंना वाटलं, तो उत्तर टाळतोय. मी मध्ये पडून समजावलं तेव्हा तो माणूस इतका हसला की त्यानं आमच्यासाठी चहा मागवला, आणि पुढच्या खेपेला त्यानं शेजारच्या मराठी शिंप्याकडून सगळी पुस्तकं वाचून घेऊन मुक्या माशांची वेगळी काढून ठेवली होती. निवडून नको असलेली परत घ्यायलाही तो तयार झाला. बाईंचं हे असं होतं. त्यांच्या खुळात माणसं सामील व्हायची.

मात्र पायांचा निकष त्या स्वतःवरही तेवढाच कडक लावायच्या. समुद्राच्या तळाशी जिथं उजेड पोचत नाही तिथल्या जिवांवरचं एक पुस्तक त्यांना फार आवडलं होतं. ते वाचताना त्यांचा आवाज चक्क खाली आला. पण पोरांचे पाय काही थांबेनात. उलट शार्कच्या दातांवरचं एक भडक पुस्तक होतं, बाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. म्हणायच्या, नुसतं दात विचकून दाखवतंय. ते उघडलं आणि सगळ्या पट्ट्यांवरचे पाय थांबले. बाईंनी उसासा टाकला, शार्क कपाटात ठेवला आणि अंधारातले जीव पिशवीत. "माझं कोण ऐकतंय?" म्हणाल्या, आणि दिवसभर जरा घुश्शातच होत्या.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. बाईंचं ते वर्ष शेवटचं होतं. वर्ष संपताना त्या निवृत्त होणार होत्या. आणि त्यांचा एकच हट्ट होता: आपल्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या पोरानं एक तरी पुस्तक, कुणी न सांगता, आपण होऊन, शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असावं. धडा नव्हे, प्रश्नोत्तरं नव्हेत, पुस्तक. त्या वर्षी वर्गातली बाकीची पोरं हळूहळू त्या वाटेला लागली होती. अडली होती ती मयुरी.

मयुरी बोलायला बसली की मागांची खटखट ऐकू यायची नाही. अक्षरं तिला येत होती, वाक्यही ढकलत ढकलत यायचं, पण पुस्तक हातात दिलं की पहिलं पान बघून ती पुढचं स्वतःच बनवून सांगायला लागायची. जेलीफिशचं चित्र पाहून ती ओरडली होती, "बाई, हे तर ऑर्गेंझा! माझी मम्मी यालाच स्टोन लावते!" चित्र बघून बाईंनाही ते पटलं. त्या झालरीची, त्या पारदर्शक कापडाची पारख लिंबायतच्या पोरीला असणारच. पण त्या चित्राखाली काय लिहिलंय, ते मयुरीनं वाचलं नव्हतं.

तिचे वडील भगवानभाऊ मागावर काम करायचे. पाळी संपवून एक दिवस ते सरळ वर्गाच्या दाराशी आले. अंगावर सुताची रुई तशीच.

"बाई, पोरनं नाव काढी लेवानं शे," ते म्हणाले. "इंग्लिश मीडियममा टाकी देतस. आठे सुरतमा मराठीना काय उपेग?"

मला वाटलं, आता बाई भाषेवर भाषण देणार. त्या घरच्याच बोलीत म्हणाल्या, "मी कोठे नही म्हनस, भाऊ? टाक. पन हाई वरीस राहू दे तिले मन्हापाशी. वाचाले लागू दे, मंग धाड. रिकामा हातनी नको धाडू."

भगवानभाऊंनी अंगावरची रुई झटकली. मग "बरं" म्हणाले आणि गेले. वर्ष संपेपर्यंत मयुरी बाईंची होती. त्यानंतर दोघीही जाणार होत्या, एक इंग्रजी शाळेत आणि एक घरी.

नेमका याच सुमारास गोसावी सरांनी तयार संच आणला. सर वाईट नव्हते. अधिकारी येणार म्हटलं की त्यांची धावपळ उडायची, एवढंच. एका मोठ्या खोक्यात समुद्रावरची चकचकीत पुस्तकं, सगळी एका मापाची, सगळ्यांवर हसणारे मासे. इंग्रजीवरून मराठी केलेली, आणि ती कुणी केली हे लिहिलेलं नव्हतं. त्यानं नाव लपवलं ते बरंच केलं असं मला वाटलं. एका पानावर छापलं होतं, "हजारो छोटे मासे शाळेत राहतात." इंग्रजीत माशांच्या झुंडीला आणि शाळेला एकच शब्द, तो या गृहस्थानं उचलून तसाच टाकला होता. बाईंनी ते वाक्य वर्गात वाचलं. मग शेवटच्या पट्टीवरून प्रश्न आला, "बाई, शाळेतच राहतात म्हणजे आश्रमशाळा का?"

"जेवण फुकट मिळत असेल," दुसरा म्हणाला.

"पण अंघोळीचा प्रश्न नाही," मयुरी म्हणाली.

मी व्हरांड्यात भिंतीला टेकून हसत होते. बाई मात्र हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्या सरांच्या खोलीत गेल्या. सर म्हणाले, "बाई, तुमची पुस्तकं पातळ आहेत, मळखाऊ आहेत. आणि शब्द केवढे अवघड! भरती, ओहोटी, खाडी, कालवं. आपल्या पोरांना हे कळणार आहे का? संच कसा सोपा आहे."

"संच सोपा नाही, सर. खोटा आहे," बाई म्हणाल्या. "पोरीनं आयुष्यातलं पहिलं पुस्तक वाचायचं आणि त्यात मासे आश्रमशाळेत? ती पुन्हा पुस्तकावर विश्वास ठेवील का?"

सरांनी मध्यममार्ग काढला. दोन्ही समोर ठेवू, तपासणीच्या अधिकारी बेन येतील तेव्हा त्यांनाच ठरवू द्या. कपाटात जागा एकाचीच होती.

अधिकारी बेन आल्या. गुजराती, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी संचातलं एक पुस्तक चाळलं, "सरस" म्हणाल्या, आणि सरांचा चेहरा उजळला. मग बाईंच्या ढिगातलं एक उचललं. किनाऱ्यावरचं पुस्तक होतं, चिखलाच्या रंगाचं. त्यांनी पट्टीवरच्या समोरच्याच मुलीला उठवलं आणि पानावर बोट ठेवलं. ती मुलगी मयुरी होती. मला वाटलं, संपलं सगळं. या पोरीला काही वाचता येणार नाही, आणि त्याचं खापर पुस्तकावर फुटणार.

मयुरीनं एकेक अक्षर जोडत वाचलं, "समुद्राला... भरती... येते."

"भरती एटले शुं, बेटा?" बेननी विचारलं.

मयुरीचं तोंड खुललं. हे तिला माहीत होतं. "खात्यात भरती निघते ना, ती! बाहेर बोर्ड लावतात. मग गावाकडून कारागीर येतात. माझे पप्पा असेच आले."

गोसावी सरांनी डोळे मिटून घेतले. वर्गात कुणी हसलं नाही, कारण वर्गातल्या सगळ्यांचे पप्पा असेच आले होते.

बाई शांतपणे म्हणाल्या, "बरोबर. मग ओहोटी म्हणजे काय?"

मयुरीनं विचार केला. "दिवाळीला खातं बंद पडतं. मग सगळे गाड्या भरून गावी जातात. आख्खं लिंबायत रिकामं होतं. ती ओहोटी."

"आणि मग?"

"मग परत येतात ना, बाई. भरतीला."

"समुद्रात हे कसं होतं? पुढं वाच की."

मयुरीनं मान खाली घातली आणि खरंच वाचायला लागली. अडखळत, बोट ठेवून, ओठ हलवत. पाणी किनाऱ्यावर चढतं, मग मागे सरतं, पुन्हा चढतं. अर्ध्या पानावर ती थांबली, तिनं मान वर केली आणि किंचाळली, "बाई! हे माणसांचं नाहीये! पाण्याचं आहे! पाणीसुद्धा गावाला जाऊन येतं!"

अधिकारी बेन हसत हसत तिच्या शेजारी पट्टीवरच बसल्या. साडी चुरगळेल याची फिकीर केली नाही. "अमारे पण भरती ज कहेवाय," म्हणजे गुजरातीतही भरतीच, असं त्या म्हणाल्या, आणि मग, आता उरलेलं पान मला वाचून दाखव. जाताना सरांना एवढंच सांगितलं, "बेनने जे जोईए ते राखवा दो." म्हणजे बाईंना हवं ते ठेवू द्या. संचाचं खोकं परत गेलं. त्या दिवशी मला बोरसे बाईंचा असा अभिमान वाटला की घरी जाऊन नवऱ्याला ती सगळी हकीकत दोनदा सांगितली. त्यांनी बँकेतल्या कामाची दमणूक विसरून दोनदा ऐकली.

तरी मयुरीनं पुस्तक पुरं केलं नव्हतं. एका पानाचं कौतुक बाईंना पुरणारं नव्हतंच. सर तिचं अभिनंदन करायला आले तर म्हणाल्या, "ते साहेबांसमोर वाचलं. कुणी बघत नसताना वाचील तेव्हा या."

वार्षिक परीक्षेच्या थोडं आधी बाईंनी वर्ग डुमसच्या किनाऱ्यावर न्यायचं ठरवलं. सुरतेत जन्मलेली पोरं, पण त्यांतल्या कितीतरी जणांनी समुद्र बघितला नव्हता. मीही बरोबर गेले. खरं सांगायचं तर डुमसच्या टोमॅटोच्या भज्यांसाठी गेले. बस थांबली, पोरं ओरडत काळ्या वाळूवर धावली आणि जागच्या जागी उभी राहिली. समोर समुद्र नव्हता. चिखल होता, चमकणारा, लांबच लांब, आणि पाणी कुठंतरी आभाळाच्या कडेला एक रेघ म्हणून दिसत होतं.

"बाई, समुद्र कुठंय?"

"गावाला गेलाय," मयुरी म्हणाली.

बाईंनी कमरेवर हात ठेवले, चिखलाकडे बघितलं, आणि त्या अशा हसायला लागल्या की त्यांना खाली वाळूत बसावं लागलं. "वर्षभर भरती-ओहोटी कुणी शिकवली? मी! निघायच्या आधी वेळ कुणी बघितली? कुणीच नाही!" त्यांना हसू आवरेना. डोळे पुसायला चष्मा काढला तर लेस केसांत अडकली. माझ्यावरही त्यांनी शरसंधान केलं. "आणि तुम्ही हो, समुद्राची माणूस! तुम्हाला कळू नये?" मी तोंडात आणखी एक भजं कोंबलं.

मग एका मुलीला चिखलात काहीतरी उडी मारताना दिसलं. बोटाएवढा जीव, डोळे डोक्यावर, शेपटी आपटत चाललेला. पिशवीतून किनाऱ्याचं पुस्तक निघालं, पानं उलटली, आणि चित्र सापडलं. निवटी. चिखलावर चालणारा मासा. आमच्याकडे निवट्यांचं तिखलं करतात, पण ती चालताना मीही पहिल्यांदाच बघत होते. भजीवाला म्हणाला, "ए तो लेवटो छे." पोरं पुस्तक मध्ये ठेवून चिखलाच्या काठाशी पालथी पडली. कोण पानातलं वाचत होतं, कोण चिखलातलं दाखवत होतं. पाणी परत यायला लागलं तेव्हा त्यांना ओढून बाजूला घ्यावं लागलं. बाई वाळूत पाय पसरून बसून होत्या आणि कुणालाही काहीही शिकवत नव्हत्या.

वर्ष संपलं. बाईंचा निरोपसमारंभ शाळेच्या हॉलमध्ये ठेवला होता. गोसावी सरांनी मनापासून तयारी केली होती: शाल, श्रीफळ, फुलांचा हार, दारात रांगोळी. पालकही आले होते. बऱ्याच आया कामाचे गठ्ठे बाजूला ठेवून आल्या होत्या, त्यांच्या बोटांना स्टोनचा गोंद तसाच होता. भगवानभाऊ मागे दाराशी उभे होते. मयुरीचं नाव काढायचे कागद त्यांनी दुपारीच नेले होते. बाईंना फुलांचा गुच्छ द्यायचा मान मयुरीलाच दिला होता, कारण एवढ्या गर्दीपुढे न लाजता दोन शब्द बोलेल अशी तीच एक होती. गुच्छ घेऊन ती पहिल्या ओळीत मांडी घालून बसली.

सरांचं भाषण लांबलं. ते बाईंबद्दल खूप चांगलं बोलले, आणि सगळं खरं बोलले. बाई व्यासपीठावर खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. स्तुती ऐकायची त्यांना सवय नव्हती. शेवटी सर म्हणाले, "आता कुमारी मयुरी बाईंना पुष्पगुच्छ देईल."

टाळ्या झाल्या. कुणी उठलं नाही.

"मयुरी," सर पुन्हा म्हणाले.

मी पुढे वाकून बघितलं. गुच्छ फरशीवर आडवा पडला होता. मयुरीच्या मांडीवर तेच किनाऱ्याचं पुस्तक होतं. वर्गाच्या कपाटातून ती कधी ते घेऊन आली, कुणाला माहीत. डोकं खाली, ओठ किंचित हलताहेत, बोट ओळीखालून सरकतंय. टाळ्या, भाषण, तिचं नाव, काहीही तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. शेजारची मुलगी तिला कोपरानं ढोसायला निघाली. सर जरा चिडून माइकमध्ये म्हणाले, "ए मुली! पुस्तक ठेव खाली!"

"सर!"

बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. माइकची त्यांना कधीच गरज नव्हती.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "शेवटचं पान राहिलंय तिचं."

सर थांबले. पालक थांबले. शेजारच्या खात्याची खटखट तेवढी येत राहिली. दाराशी भगवानभाऊंनी मान उंच करून लेकीकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. खाली एवढीशी पोर शांतपणे ओळीमागून ओळ वाचत होती, आणि वर बोरसे बाई, अंगावर नवी शाल, ताठ उभ्या, एखाद्या राणीला कुणी मुजरा करावा आणि तिनं तो पुरा होऊ द्यावा, तशा.

मयुरीनं पुस्तक मिटलं. मांडीवर ठेवलं. मग वर बघितलं, आणि सगळं गाव आपल्याकडे बघतंय हे पाहून गोंधळली.

"झालं?" बाईंनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

बाई खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हां. आता बोला, सर."